तुरीच्या मुळाशी

साल 1978, ऑगस्टचा दुसरा आठवडा. तुम्ही पटांचेरूच्या काळ्या रानात उकिडवे बसला आहात आणि तुमच्या चपला तीन पावलं मागे चिखलात रुतून राहिल्या आहेत. रात्री पाऊस झालाय. वापसा व्हायला दोन दिवस तरी जातील, तोवर या शेतात बैल येणार नाहीत की कोळपं. म्हणजे तुम्हाला मोकळं रान. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या मालमोटारींची घरघर तेवढी अधूनमधून ऐकू येते.

इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इथे येऊन अवघी सहा वर्षं झाली आहेत. हैदराबादपासून पंचवीसेक किलोमीटरवरची ही सुमारे 1400 हेक्टर जमीन निवडली गेली, त्यामागे एक मोठं कारण होतं: एकाच कुंपणात काळी जमीनही मिळते आणि लालही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. तुम्ही बसलात तो वरंबा नेहमीपेक्षा रुंद आहे, त्याचं नवल वाटू देऊ नका. आज मराठवाड्यात ज्याला सरसकट बीबीएफ म्हणतात, त्या रुंद वरंबा-सरी पद्धतीवर इथे याच वर्षांत काम चाललंय.

वरंब्यावर ज्वारीचे तास आहेत आणि त्यांच्यामध्ये तूर. ज्वारी कधीच पुढे निघून गेलीय. तूर दीड महिन्याची झाली तरी खालीच रेंगाळतेय. तिची ही सवय शेतकऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो घाबरत नाही. पहिले दोन महिने ती वर कमी आणि खाली जास्त वाढते.

आता तुमच्या नाकासमोरचं ते पान बघा. नाही, त्याच्या शेजारचं.

एक माशी बसलीय. घरमाशीहून बारीक, अंगाने सडपातळ, काळसर. पंख पारदर्शक, पण त्यांवर गडद पट्टे ओढलेले आहेत. ती उडत नाही, चालते. चार पावलं टाकते, थबकते, एक पंख बाजूला उघडते, मिटते. मग दुसरा. मग अर्धा वळसा घेऊन पुन्हा तेच. तुम्ही हात पुढे केलात तर ती पानाच्या खालच्या बाजूला जाईल आणि तिथेही पंखांची उघडझाप चालूच ठेवेल. या सवयीमुळेच तिच्या कुळाला इंग्रजीत सिग्नल फ्लाय म्हणतात. शास्त्रीय नाव प्लॅटिस्टोमॅटिडी. जगभरात या कुळात हजारावर जाती आहेत आणि नटवेपणात त्या एकमेकींना हार जात नाहीत. न्यू गिनीच्या जंगलातल्या अखियास वंशाच्या नरांचे तर डोळेच डोक्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या लांब दांड्यांच्या टोकांवर असतात.

तुमच्या समोरची इतकी भपकेबाज नाही. रिव्हेलिया अँग्युलाटा तिचं नाव. मराठीत तिला नावच नाही. शेंगमाशी सगळ्यांना माहीत, घाटेअळीच्या नावाने तर दरवर्षी फवारणीचा हिशेब मांडला जातो. ही माशी मात्र बांधावर उभं राहून दिसणाऱ्या नुकसानीत कुठेच बसत नाही. आपल्याकडे किडीला नाव मिळायचं तर तिने निदान शेंगेला तरी भोक पाडलं पाहिजे.

पंख हलवणं हे एकमेकांशी बोलणं असतं: इथे मी आहे, तू कोण, नर की मादी, जवळ येऊ की नको. याच वंशाच्या एका अमेरिकन जातीचा शृंगार 1907 साली पियर्सोल नावाच्या निरीक्षकाने लिहून ठेवलाय. तिथे वाकडी वाट करून जायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. नर मादीच्या पाठीवर चढतो आणि आपल्या सोंडेच्या टोकावर आलेला द्रवाचा थेंब तिच्या तोंडाशी नेतो. ती तो पिते. एवढ्या बारक्या जीवाला भेटवस्तूचा व्यवहार करताना बघून त्या काळच्या वाचकाला गंमत वाटली असणार. चला, परत फिरा. पटांचेरूची मादी एव्हाना पान सोडून खोडावरून खाली उतरू लागलीय.

ती बुंध्याशी पोहोचते. इथे ज्वारीची सावली आहे, माती ओली आहे, ढेकळांमध्ये फटी आहेत. ती पोटाचं टोक लांबवून फटीत खुपसते. पांढरी, लांबुळकी, तुमच्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी अंडी. अंडी घालून झाली की ती पुन्हा पानावर जाऊन पंख उघडमीट करायला मोकळी. आईचा आणि लेकरांचा संबंध इथे संपतो, दोघांची जगंही वेगळी होतात: ती उन्हात, ती पोरं अंधारात.

पुढचं बघायचं तर तुम्हाला मातीत उतरावं लागेल, आणि बरंच बारीक व्हावं लागेल. डोळ्यांचा काही उपयोग नाही, तेव्हा ते मिटून घेतलेत तरी चालेल. अळीलाही डोळे नाहीत. डोकं म्हणावं असं काही नाही, पायही नाहीत. पुढच्या टोकाला दोन काळे आकडे, तेच तिचं तोंड आणि तीच तिची अवजारं. श्वास घ्यायची मुख्य छिद्रं मागच्या टोकाला. म्हणजे ती तोंड खुपसून खात राहू शकते आणि मागच्या बाजूने श्वास घेऊ शकते. जेवताना ठसका लागण्याची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही.

ती तुरीच्या मुळाशी येते. मुळावर जागोजाग गाठी आहेत, काही मोहरीएवढ्या, काही मुगाच्या दाण्याएवढ्या. अळी एका गाठीला आकडे लावते, साल खरवडते, बारीक भोक पाडते आणि आत शिरते. तिच्या मागोमाग तुम्हीही शिरा.

आत सगळं गुलाबी आहे.

हा रंग ओळखीचा वाटेल, कारण तो तुमच्या रक्तातल्या रंगाचाच नातलग आहे. लेगहिमोग्लोबिन. हे द्रव्य हिमोग्लोबिनच्या जातीचंच आहे, हे 1939 साली जपानमध्ये कुबो यांनी दाखवलं. गाठीत कोट्यवधी जिवाणू कोंबून भरलेले आहेत. हवेतला नत्र फोडून वनस्पतीला पचेल अशा रूपात आणून द्यायचा, हे त्यांचं काम. ते ज्या विकराच्या जोरावर हे करतात, त्याला प्राणवायूचं वावडं आहे. पण जिवाणूंना जगायला तर प्राणवायू हवा. हा तिढा लेगहिमोग्लोबिन सोडवतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि हवा तेवढाच, हवा तिथेच सोडतं. तूर त्यांना साखर पुरवते, ते तुरीला नत्र देतात. या व्यवहारातून एका हंगामात हेक्टरी 40 किलोच्या आसपास नत्र मिळू शकतो, जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे कमीजास्त. युरियाच्या भाषेत सांगायचं तर 45 किलोच्या जवळजवळ दोन गोण्या, न विकत घेतलेल्या, न वाहून आणलेल्या.

आणि ही अळी नेमकं तेच खात बसलीय. पान नाही, शेंग नाही, मुळाचं लाकूडही नाही. जिवाणूंनी भरलेला हा मऊ, नत्राने श्रीमंत गर. हिच्या कुळातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या कुजक्या पाल्यापाचोळ्यावर गुजराण करतात. रिव्हेलियाने त्यांच्यापेक्षा वरचढ जागा शोधली. द्विदल झाडांच्या जिवंत गाठी हे तिचं ताट. अमेरिकेत सोयाबीनच्या गाठींमध्ये याच वंशाची रिव्हेलिया क्वाड्रिफॅसिआटा सापडल्याचं गेल्याच वर्षी, 1977 मध्ये, छापून आलंय.

थोडं थांबून विचार करा. गाठीत काय चालतं हे माणसाला कधीपासून माहीत आहे? त्यासाठी सप्टेंबर 1886 मधल्या बर्लिनला जा. निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत हर्मान हेलरीगेल बोलायला उभे आहेत. त्यांनी आणि विल्फार्थ यांनी नत्र नसलेल्या वाळूत वाटाणा लावून बघितलाय. ओटचं गणित सरळ होतं: जेवढा नत्र घालाल तेवढं पीक. वाटाणा मात्र लहरीपणा करत होता. काही रोपं उपासमारीने पिवळी पडत, तर शेजारच्याच कुंडीतली तरारून येत. तरारलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या. वाळू निर्जंतुक केली की गाठी नाहीत. तीत मातीचं थोडं पाणी ओतलं की गाठी हजर. दोन वर्षांनी डेल्फ्टमध्ये, यीस्टच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बायेरिंकने तो जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला.

इतका उशीर. आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला ताम्रपाषाण काळातल्या वस्तीत तुरीचे जळके दाणे मिळाले आहेत; ती वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथे जाऊन एखाद्या बाईला विचाराल तर ती तुरीचं पेरायचं, सोंगायचं, बडवायचं सगळं सांगेल. कडधान्याच्या मागे पुढचं पीक बरं येतं, हेही बहुधा सांगेल. मुळं उपटून कशाला बघायची, असं मात्र ती तुम्हालाच उलट विचारेल, आणि तिचं चूक नाही. मुळाला बोंड लागत नाही की शेंग.

गाठीत परत या, इथे फार उसंत नाही. तुम्ही बर्लिनहून येईपर्यंत गर संपलाय. उरलंय ते टरफल आणि त्यात काळपट घाण. अळीने एकदा कात टाकलीय, दुसऱ्यांदा टाकेल. वाढत्या अळीचं एका गाठीवर भागत नाही. ती भोकातून बाहेर पडते, मातीतून सरकत दुसरी गाठ गाठते, मग तिसरी. शेवटी खाणं थांबवून ती मातीतच आखूड होते, तिची कातडी टणक आणि तपकिरी पडते. तोच तिचा कोष.

कोषातून बाहेर येण्याचा प्रकार इथेच थांबून बघण्यासारखा आहे. आतली माशी पूर्ण तयार आहे, पण तिच्याकडे आता आकडे नाहीत, जबडा नाही, खणायला काही नाही. मग ती काय करते? कपाळ फुगवते. अक्षरशः. डोळ्यांच्या मधून, शिंगांच्या वर, एक पिशवी शरीरातल्या द्रवाच्या दाबाने बाहेर येते आणि तिच्या धक्क्याने कोषाचं टोपण उडतं. मग तीच पिशवी फुगवत आणि आवळत माशी माती बाजूला सारत वर सरकते. पृष्ठभागावर आली की पिशवी कायमची आत जाते. कपाळावर फक्त एक बारीक शिवण उरते. पंख अजून चुरगळलेले, मऊ. थोड्या वेळाने ते ताणले जातात, पट्टे उमटतात, आणि पंखांची भाषा सुरू. अंड्यापासून इथवरचा फेरा साधारण महिन्याभराचा. खरिपाची तूर शेतात पाच-सहा महिने असते. गाठी भरात असतात त्या काळातही एकाहून जास्त पिढ्या निघतात.

आता मूळ आकाराचे व्हा आणि कपडे झटका. वापसा झालाय, माणसं आली आहेत.

कुदळीने झाडाभोवतीची माती मोकळी करून, मुळांसकट ढेकूळच्या ढेकूळ उचललं जातंय. काळी माती मुळं सोडत नाही. ओढलं तर गाठी तुटून मातीत राहतात, म्हणून ढेकूळ पाण्यात भिजत घालायचं, मग चाळणीवर हलक्या हाताने धुवायचं. तासन् तास चालणारं, कंटाळवाणं, कंबर मोडणारं काम. मग मोजदाद: चांगल्या गाठी किती, पोखरलेल्या किती. काही गाठी बाटलीत घालून बूच लावतात आणि आत ॲसिटिलीन वायू सोडतात. नत्र फोडणारा विकर या वायूलाही धरतो आणि त्याचं इथिलीन करतो. किती इथिलीन झालं हे यंत्राने मोजलं की गाठी किती जोमाने काम करत होत्या ते कळतं. पोकळ गाठीच्या बाटलीत अर्थातच काही होत नाही.

या धुलाईतूनच रिव्हेलियाचा कारभार उघडा पडला. डिसेंबर 1980 मध्ये याच आवारात तुरीवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरेल, तेव्हा सिथनंथम, कुमार राव, रीड आणि डार्ट हे काम मांडतील. त्यात ती काळ्या-लाल जमिनीची गोष्ट कामाला येते: गाठींचं नुकसान काळ्या जमिनीत लाल जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. एकच संस्था, एकच पाऊस, एकच पीक, फरक मातीचा. देशातल्या तुरीचा मोठा वाटा पिकतो तो मराठवाडा आणि विदर्भ काळ्या जमिनीवरच बसलेला आहे, हे निराळं सांगायला नको.

वर, शेतात, या सगळ्याची खूण काय? पानं जराशी फिकी. बस. पाऊस जास्त झाला, पाणी तुंबलं, जमीन हलकी लागली, बियाणं बरोबर नव्हतं, यांपैकी कुठलंही कारण त्या फिकेपणाला चालून जातं. जे नुकसान दुसऱ्याच्या नावावर खपतं त्याचा शोध कुणी घेत नाही.

माशीला नाव देणाऱ्यालाही तिचा हा धंदा ठाऊक नव्हता. 1914 च्या व्हिएन्नात डोकावून या. फ्रिडरिख हेंडेल हे पेशाने शाळेचे माणूस, मुख्याध्यापकी सांभाळून माश्या बघणारे. या कुळावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्या वर्षी निघाला. आमच्या माशीच्या शास्त्रीय नावामागे हेंडेल हेच नाव लागतं. त्यांच्यासमोर टाचणीला टोचलेली, वाळलेली माशी आहे. पंखांवरचा कुठला पट्टा कुठल्या शिरेपाशी वळतो, हे ते भिंगातून बिनचूक टिपतात. पण टाचणीवरच्या माशीला तिच्या लेकराचं जेवण विचारता येत नाही. वंश 1830 साली फ्रान्समधल्या रोबिनो-देव्हॉयदी या डॉक्टरने ठरवला, जात हेंडेलने. ताटातलं अन्न कळायला पुढे पटांचेरूच्या चाळण्या लागल्या.

बरं, कळलं. मग करायचं काय? फवारा पानावर बसतो, अळी मातीत, तीही गाठीच्या आत. मातीत विष कालवावं तर ते गाठीतल्या गरापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि शेजारच्या निरुपद्रवी जीवांपर्यंत मात्र नक्की पोहोचेल. तेव्हा आणखी एक फेरी मारावी लागेल, 1976 च्या इस्राएलमध्ये, नेगेव्ह वाळवंटात. तिथल्या डासांच्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांचा खच पडलाय. त्यातून बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा एक नवा प्रकार हाती लागला, इस्राएलेन्सिस. कापसातल्या बोंडअळीवर चालणारं बीटी ते याच्या भावाबंदांचं. पण हा प्रकार पतंगवर्गाच्या अळ्यांना नाही, डास-माशी वर्गाच्या अळ्यांना मारतो. आणि रिव्हेलिया ही माशीच.

1990 साली नंबियार, मा आणि अय्यर यांनी जे केलं त्यातली हुशारी मला अजूनही आवडते. त्यांनी तुरीला हात लावला नाही. इस्राएलेन्सिसचं विष बनवणारं जनुक त्यांनी तुरीच्या गाठीत राहणाऱ्या ब्रॅडिरायझोबियम जिवाणूत घातलं. म्हणजे ज्याला अळी खाते, त्यालाच विषारी केलं. झाड तेच, बी तेच, शेंग तीच. बदललेला जिवाणू गाठीत, जिथे अळी येते नेमका तिथे. हरितगृहातल्या कुंड्यांमध्ये या गाठींचं नुकसान कमी झालं. आत शिरून बघितलंत तर रंग तोच गुलाबी; पण अळीला हा घास महाग पडतो.

कुंडीतून शेतापर्यंतचं अंतर फार असतं. शेताच्या मातीत आधीपासून हजारो स्थानिक जिवाणू मुळाशी जागा धरून बसलेले असतात आणि पाकिटातून आलेल्या पाहुण्याला ते सहजासहजी शिरू देत नाहीत. बियाण्याला रायझोबियम चोळूनही गाठी वाढत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याची पुष्कळदा याच भाऊबंदकीशी गाठ पडते.

आता आपल्या काळात या. लातूर असो, हिंगोली असो की यवतमाळ, बांधावरून शेतात उतरा. पेरणीला पंचेचाळीस ते साठ दिवस झालेले असावेत. फुलोऱ्यानंतर गाठी तशाही उतरणीला लागतात, तेव्हा बघून उपयोग नाही. पिवळसर पडलेलं एक झाड निवडा आणि तुलनेसाठी एक हिरवंगार. उपटू नका, खणा. ढेकूळ बादलीत भिजू द्या, माती आपोआप सुटेल. मग एकेक गाठ नखाने दाबा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचं वय झालंय, तो दोष कुणाचा नाही. आणि टरफल रिकामं निघालं, बाजूला भोक दिसलं, तर बादलीच्या तळाचा गाळ ओतून देण्याआधी बोटांनी चाचपा. पांढरी अळी किंवा तपकिरी कोष त्यातच सापडतो. सापडला तर ओल्या मातीसकट बरणीत टाका, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा. काही दिवसांनी कापडाखाली पट्ट्यापट्ट्यांचे पंख उघडमीट करत एखादी चालू लागेल, आणि ती बरणी घेऊन कृषी सहायकाकडे गेलात तर तोही पहिल्यांदाच बघत असेल.